टेपचं दुसरं टोक

विषय : गोदामातल्या जागेचा पुरेपूर वापर व्हावा म्हणून योग्य रॅक निवडणे.
संदर्भ : मालकांचा तोंडी दम.

हसू नका, पोरांनो. आमच्या हेडक्लार्कचा सख्खा साडू त्या गोदामाचा स्टोअरकीपर. पंचवीस वर्षांत त्यानं एक थाप मारली नाही; तेवढी कल्पनाशक्तीच नव्हती.

मालकांना आहे त्याच गोदामात चारशे खोकी जास्त बसवायची होती. रुंद गल्ल्यांच्या साध्या रॅकवर ती मावत नव्हती. अरुंद गल्ल्यांचे उंच रॅक चालले असते, पण त्यांना आतून साठ फूट लांबी हवी. नाही भरली तर नवं गोदाम, आणि तिथं मालकांचा मेहुणा स्टोअरकीपर. म्हणजे साडूला नारळ.

रॅकवाला बुधवारी सकाळी येणार होता. म्हणून मंगळवारी रात्री साडेआठला साडू टेप घेऊन निघाला.

"टोक कोण धरणार, साहेब?" फाटकावरच्या वॉचमननं विचारलं.

"तू."

"माझी ड्यूटी फाटकावर."

"का रे, आत वाघ आहे?"

"वाघ असता तर बरं होतं..."

साडूचा याच्यावर जुना संशय. खोकी कमी भरायची ती यानंच लांबवलेली. नक्की आत काहीतरी दडवलंय बेट्यानं!

त्यानं मागच्या भिंतीशी टेपचं टोक विटेखाली दाबलं आणि टेप सोडत खोक्यांमधल्या वाटेनं दारापर्यंत आला. टेप मधे लोंबत होता. सवयीनं तो ओरडला, "ताण रे!"

टेप ताणला गेला.

'आला वाटतं मागच्या दारानं,' साडूला वाटलं. "आता सुचलं होय? नीट धर!"

त्यानं आकडा वाचला. एकसष्ट फूट. नोकरी वाचली! त्यानं कागदावर आकडा टिपला.

"सोड आता."

सुटेना. त्यानं हिसका दिला. पलीकडूनही हिसका आला.

"चेष्टा पुरे हं..."

तेवढ्यात बाहेर कुणी खोकलं. त्यानं वळून पाहिलं. वॉचमन फाटकावर होता. पाठमोरा. विडी पेटवत.

मागच्या दाराला आतून कुलूप... किल्ली साडूच्याच खिशात.

टेप हातातून सरकू लागला. हळूहळू. बासष्ट... त्रेसष्ट...

त्यानं टेप टाकला. शटर ओढलं. पळाला.

सकाळी रॅकवाल्यानं खात्रीसाठी बाहेरून भिंत मोजली. चोपन्न फूट. म्हणाला, "साहेब, तुमचा एकसष्टचा आकडा चुकलाय."

साडूनं तोंड उघडलं... मेहुणा आठवला. मिटलं.

"बाहेरून कसलं मोजता?" मालक खेकसले. "माल काय रस्त्यावर ठेवायचाय? माझा माणूस आतून मोजून आलाय. एकसष्टचेच बनवा!"

महिन्याभरात रॅक आले. एकसष्ट फुटांचे.

बसले.

बाहेरची भिंत आजही चोपन्न फूटच आहे. शेवटच्या सात फुटांतली खोकी मोजायला साडूला रोज एकट्यानं जावं लागतं. त्यानं बदलीसाठी अर्ज केला आहे. अर्ज विचाराधीन आहे.