खालच्या खांबावरचा उजेड

कंदील जरा बारीक करा, डोळ्यांवर येतोय. कॉफी संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. आणि ही ऐकीव गोष्ट समजू नका. तेगुह माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा.

बहिणीनं बाजारात सोयाबीनचे टेंपे विकून त्याला जोग्या शहरात शिकवलं, नद्यांच्या पाण्याचा इंजिनिअर केलं. नोकरी लागली, पण कंत्राटी. सेंदांग नदीला किती पाणी येतं ते मोजायचं, म्हणजे खालच्या गावांना पुराची वर्दी वेळेवर देता येते. पण मोठा पूर आजवर कुणी मोजलाच नव्हता, मोठ्या पाण्याचे सगळे आकडे अंदाजपंचे. साहेबांनी सांगून टाकलं, "एक मोठा पूर मोजून आण, कायम करतो. नाहीतर या महिनाअखेर तुझं कंत्राट संपलं." पोरगा झुरणीला लागला. पावसाळा सरत आला आणि नदी काही फुगेना.

शेवटी एका गुरुवारी दिवस मावळला, आपला वार मावळतीलाच बदलतो, तशी शुक्रवार क्लिवोनची रात्र लागली आणि डोंगरातलं पाणी खाली आलं. क्लिवोनच्या रात्री भुतंखेतं मोकळी असतात, आपल्यातलं कुणी नदीकडं फिरकत नाही, ते तुम्हाला सांगायला नको.

अशा पुरात होडी घालता येत नाही. काठावर मोजलेल्या अंतरावर दोन खांब रोवलेले. वरच्या खांबापाशी बांबूचा तुकडा सोडायचा, टोकाला पेटती चिंधी. खालच्या खांबापाशी दुसरा माणूस उभा. बांबू समोरून गेला की त्यानं बॅटरी चमकवायची. मधला वेळ घड्याळावर धरला की पाण्याचा वेग कळतो. एकट्याचं हे कामच नाही. दुसरा माणूस म्हणजे सुगिमान, तेगुहचा लहानपणापासूनचा जोडीदार.

"आज राहू दे की," सुगिमान म्हणाला. "आमची लास्मी दारात आडवी आली होती. नवरा नदीवर जातोय म्हटल्यावर दुसरं काय करील?"

"उद्या पाणी उतरेल. मग काय, आईशेजारी टेंपे विकायला बसू?"

"तू कसला विकतोस? तुला हिशेब येतो, घासाघीस येत नाही." सुगिमान हसला. मग त्यानं तेगुहच्या तोंडाकडं पाहिलं आणि बॅटरी उचलली. "चल, जातो बाबा. तुझं रडकं तोंड बघवत नाही."

खोऱ्यात फोन लागत नाही. ठरलं असं, की रात्रीच्या नमाजाची, ईशाची बांग संपली की पहिला बांबू सोडायचा. सुगिमान पायवाटेनं उतरला.

बांग झाली. तेगुहनं बांबू सोडला. ज्योत हेलकावत अंधारात गेली... आणि खाली उजेड चमकला. त्यानं घड्याळ दाबलं. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते हातात आलं होतं. त्याला रडूच फुटलं.

दुसरा बांबू. उजेड. तिसरा. उजेड.

पाणी चढत होतं. तेगुहनं खांबावरच्या मोजपट्टीवर बॅटरी मारली आणि मनात हिशेब केला. खालच्या खांबाजवळची जमीन सखल. तिथं आता कमरेएवढं पाणी असणार.

"सुगिमान! वर ये!"

नुसता पाण्याचा आवाज.

खांबावर चढला असेल, त्यानं मनाला समजावलं. पण चढला असता तर उजेडही वर गेला असता. उजेड होता तिथंच होता.

एकच अजून. त्यानं बांबू सोडला.

उजेड चमकला. या वेळी तांबूस. गढूळ...

पाण्याच्या आतून आल्यासारखा.

तेगुहला सगळं समजलं होतं. समजूनही त्याचा हात पुढच्या बांबूकडं गेला. तो मला पुढं म्हणाला, "मामा, मला थांबताच आलं नाही." बांबू सुटला, तेवढ्यात मागून लास्मीचा भाऊ धापा टाकत आला.

"दादा... सुगिमान गेला. पायवाट खचली. खालच्या बंधाऱ्याच्या जाळीला अडकलेला सापडला."

"कधी?"

"बांग चालू होती तेव्हा."

...

खाली उजेड चमकला.

आणि तेगुहच्या अंगठ्यानं घड्याळ दाबलं.

पुढं साहेबांनी मापं मागितली. तेगुहनं दिली नाहीत. "खाली माणूस नव्हता, साहेब," एवढंच म्हणाला. महिनाअखेर नोकरी गेली. लास्मीच्या दारापुढून जायची त्याला आजही छाती होत नाही, लांबच्या वाटेनं जातो. बहिणीनं त्या रात्रीबद्दल त्याला कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर खालच्या खांबाकडं मी गेलो होतो, लास्मीच्या भावाला घेऊन. काठावर सगळा चिखल, घोट्याच्या वरपर्यंत पाय रुतत होते. खांबावर पाण्याची खूण माझ्या डोक्याच्याही वर.

खांबाच्या बुडाशी मात्र दोन पावलांएवढी जमीन कोरडी होती. अनवाणी पावलं, बोटं वरच्या खांबाकडं. मी वाकून हात लावला. आत धूळ होती. बोटाला लागली ती ऊन होती.