उसनी वाहवा

कोल्हापूरच्या विद्यापीठातल्या रंजन-अनुभव प्रयोगशाळेत मंदाकिनी शेवडे कपाळाला रसमापक पट्टी बांधून बसल्या होत्या. शेजारी त्यांचे यजमान अच्युतराव, तशीच पट्टी बांधून नवरदेवासारखे ताठ. मैफलींचे जुने श्रोते संशोधनासाठी हवेत, असं विद्यापीठानं कळवलं आणि या गृहस्थांनी बायकोला न विचारताच दोघांची नावं देऊन टाकली. हौस दांडगी.

खरं सांगायचं तर मंदाकिनीबाईंना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. लग्न झाल्यापासून त्या नवऱ्याच्या मांडीवरचा हात बघायच्या आणि तो हलला की मान डोलवून "वाह" म्हणायच्या. संसार सुखाचा चालला होता. पण आता अच्युतरावांनी पुण्यात सभागृहाला लागूनच घर घ्यायचं काढलं होतं. रोज संध्याकाळी मैफल! बहीण, मैत्रिणी, सगळं कोल्हापुरात टाकून जायचं. नाही म्हणावं तर सोंग उघडं पडणार आणि माणूस मनातून खचणार. आणि सोंग उघडं पाडायचं काम आता कपाळावरचं हे यंत्रच करणार होतं.

"आनंद दोन प्रकारचा," संशोधन करणाऱ्या डॉ. तहसीन मुजावर सांगू लागल्या. "आपल्याच मनात उगवतो तो स्वरस. शेजाऱ्याकडून जांभईसारखा लागतो तो प्रतिरस. दोन्ही खरेच, पण प्रतिरस मेंदूत जरा उशिरा उमटतो. तो उशीर ही पट्टी पकडते."

"म्हणजे कोण कुणाचं बघून डोलतंय, ते कळतं?" अच्युतरावांनी विचारलं. त्यांचा आवाज का बसला होता, देव जाणे.

दोघांच्या कानांत श्रवणिका बसवल्या आणि गाणं सुरू झालं. थोड्या वेळानं मंदाकिनीबाईंच्या कानातलं गाणं बंदच पडलं. यंत्र बिघडलं असणार. पण सांगावं तर यांच्या रंगाचा बेरंग होईल. त्यांनी शेजारी पाहिलं. मांडीवरचा हात हलत होता.

"वाह," त्या म्हणाल्या.

प्रयोग आटोपला. डॉक्टरांनी पडदा दोघांकडे वळवला.

"दोघांच्याही आलेखात स्वरस जवळजवळ नाहीच. नुसता प्रतिरस, आणि तो इतका भरपूर की आम्ही आजवर पाहिला नाही. यांना तुमच्यामुळे, तुम्हाला यांच्यामुळे."

"आणि गाण्यामुळे?" मंदाकिनीबाईंनी भीत भीत विचारलं.

"गाणं मीच मध्येच बंद केलं होतं. दोघांचंही. श्रोता कधी तक्रार करतो, ते बघायचं होतं. तुम्ही शेवटपर्यंत डोलत राहिलात."

अच्युतरावांनी मान खाली घातली. "मला वाटलं, माझंच बिघडलंय. तू रंगली होतीस, म्हटलं कशाला मोडता घालावा."

"अहो, मग हात कशाला हलवत होता?"

"गुडघा चोळत होतो गं. तू वाह म्हणालीस की मला बरं वाटतं. पहिल्यापासून."

"म्हणजे पुण्याचं घर..."

"तुझ्यासाठीच. मला कुठं सोडायचंय कोल्हापूर?"

मंदाकिनीबाईंच्या छातीवरचा धोंडाच उतरला. डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी ते पदरानं टिपलं. डॉक्टरही हसल्या.

"पट्ट्या अजून चालूच आहेत. उरलेली मैफल ऐकवू का?"

"नको," दोघंही म्हणाले आणि हसत सुटले.

पडद्यावर दोन रेषा उसळल्या. आधी कोण आणि मागून कोण, ते यंत्राला काही सांगता येईना.