खाराची चिमूट

आशाबाईंनी पहिला पापड तेलात सोडला. फुलायच्या ऐवजी तो विटेसारखा लाल झाला आणि कढईच्या तळाशी जाऊन बसला. दुसऱ्याची तीच गत. तिसऱ्याचा त्यांनी तुकडा मोडून तोंडात घातला आणि थू करून राखेत टाकला.

"कडू जहर! एवढं उडदाचं पीठ मातीत गेलं. रुखमाबाईनं खारात काहीतरी मिसळलं, दुसरं काय."

"रुखमाआजी असं नाही करणार, मामी," पंचफुला म्हणाली.

दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या लेकीच्या, कोकिळेच्या ओठांवर नेमकं हेच आलं होतं. पण बाईसाहेब आधी बोलून मोकळ्या!

पंचफुला ही कोकिळेची आतेबहीण. उन्हाळ्याच्या सुट्टीत धाड गावाहून यष्टीने लोणारला आली होती, आणि आल्या दिवसापासून घरात तिचाच उदो उदो चालला होता. पंचफुला पहाटे उठते. पंचफुलाच्या पोळीला पदर सुटतात. पंचफुला सातवीत पहिली आली. कोकिळाही सातवीतच होती आणि चांगली पास झाली होती, पण नुसत्या पास होण्याचं कोणी कौतुक करतं का? शेजारचा सहदेव पहिलीपासून कोकिळेबरोबर विटीदांडू खेळलेला, तोसुद्धा आता "पंचफुलाले विचारून पाहू" असं म्हणायला लागला होता. कोकिळेचा नुसता जळफळाट होत होता.

आणि सगळ्यात वाईट होतं ते तराजूचं.

लोणारला धारेखाली, म्हणजे कड्यातून पडणाऱ्या झऱ्याखाली, आंघोळ करायला लांबलांबचे लोक येत. त्या पाण्याने अंगाची खाज जाते, आखडलेले सांधे मोकळे होतात, असं म्हणत. आंघोळ झाली की ओल्या केसांनीच ते आठवडी बाजार करत. महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी धारेच्या पायऱ्यांजवळ नवी फरशी बसली होती. तिच्या कोपऱ्यावर रुखमाआजी सरोवराकाठचा खार विकायला बसे. पापडाचा खार वेगळा आणि कपडे धुण्याचा वेगळा, पण दिसायला दोन्ही पांढरेच. म्हणून आजीचा एक दंडक होता. पोतं सोडलं की आधी चिमूट जिभेवर, मग माप. पापडाचा खार खारट लागून विरतो, धुण्याचा जिभेला चावतो. गिऱ्हाईकसुद्धा चिमूट चाखल्याशिवाय पदर पसरत नसे.

तीन उन्हाळे कोकिळा आजीच्या शेजारी बसत होती. गेल्या आठवड्याच्या बाजारी मात्र आजीने तराजू उचलला आणि पंचफुलाच्या हातात दिला.

त्या दिवशी एकादशी होती. आजीचा निर्जळ उपास. खार घ्यायला आलेल्या बायांचाही उपास. जिभेवर कोणीच काही ठेवणार नव्हतं. "कोकिळे, तुले उपास नाही. तू चाख वं," आजी म्हणाली होती. आणि ऐटीत तराजू धरून बसलेल्या पंचफुलाकडे बघत कोकिळा फुरंगटून म्हणाली होती, "चाखलं."

तिने चाखलं नव्हतं. हे तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

"ऐकलं का?" सहदेव धापा टाकत अंगणात आला. "तीन घरचे पापड बिघडले. बाजाराचे पंच भगवानराव म्हणून राह्यले, आज बाजार उठला की रुखमाआजीची जागा दुसऱ्याले द्यायची. आजीले पुन्हा बसू देणार नाहीत."

खरं काय ते आत्ताच सांगायला हवं, हे कोकिळेला कळत होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "माप तर पंचफुलाच्या हातात होतं."

पंचफुलाचा चेहरा एवढासा झाला. कोकिळेला क्षणभर बरं वाटलं, आणि मग अजिबात बरं वाटेना.

तिघं धारेवर गेली तेव्हा बाजार ऐन रंगात होता. कांद्याच्या राशी, मुगाची पोती, अंबाडीच्या जुड्या, सगळीकडे गर्दी. फक्त रुखमाआजीपुढे कोणी नव्हतं. एकादशीचं उरलेलं पोतं आणि त्याची दोरी जवळ ठेवून ती एकटीच बसली होती.

पंचफुलाने दोरी उचलली. "आजी, ही तं सुतळी आहे. तुम्ही अंबाडीच्या दोरीनं बांधता ना?"

"हाव. तीस वर्षं झाली, अंबाडीशिवाय बांधलं नाही." आजीने दोरी डोळ्यांजवळ नेली. "मले दिसते कमी. आदल्या रोजी दोरीनं बांधून वामनरावच्या वखारीत ठेवलं होतं. सकाळी त्यानं आणून देलं आन् मी सोडलं."

"म्हणजे वखारीत कोणीतरी सोडून पुन्हा बांधलं," पंचफुला म्हणाली.

"काय डोकं आहे बे हिचं," सहदेव म्हणाला.

पुन्हा पंचफुलाच! कोकिळा ताडताड पायऱ्या उतरून धारेपाशी गेली. तिथे जनकाबाई धोतर दगडावर आपटत होत्या आणि धोतरापेक्षा खारावर जास्त चिडल्या होत्या.

"कधीची घासून राह्यली, फेस येत नाही, मळ निघत नाही. वामनरावचा खारच निकामी."

कोकिळा जागच्या जागी थांबली. पापडाचा खार पापड बिघडवतो आणि धुण्याचा खार धुतच नाही? मग खारांची अदलाबदलच झालेली असणार! आपण एकटीनेच हे शोधून काढायचं, असं तिला वाटलं. मग बघू कोणाचं कौतुक होतं ते. ती दोन पायऱ्या चढलीही. पण वर एकटी बसलेली आजी दिसली आणि सूर्य बराच कललेला दिसला. ती धावत परत गेली आणि तिने दोघांना सगळं सांगून टाकलं.

वामनराव सरळ विचारून कबूल होणाऱ्यातले नव्हते. मात्र स्वतःच्या हुशारीबद्दल बोलायला त्यांना फार आवडे. सहदेव वखारीच्या उंबऱ्यावर जाऊन बसला आणि त्याने सुस्कारा सोडला.

"काका, त्या एकादशीच्या आदल्या राती वळवाचा पाऊस झाला, आमचं तं सगळं भिजलं. तुमचं कसं काय नाही भिजलं?"

"भिजलं का नाही? छपराचे कवेलू गळले, दोन पोती ओली झाली." वामनरावांनी मिशीवर हात फिरवला. "पण मी डोकं चालवलं. दोन्ही खाली ओतली, रातभर चुलीच्या धगीवर वाळवली, पहाटे पुन्हा भरली. एक दाणा वाया जाऊ देला नाही."

"कायची पोती होती, काका?"

"खाराची. एक माह्यावालं, एक रुखमा..." वामनराव मध्येच थांबले.

तोवर पंचफुलाने समोरच्या पोत्यातला, धुण्याचा म्हणून विकायला ठेवलेला खार पुडीत बांधून घेतला होता. वखारीबाहेर येताच तिने पुडी कोकिळेपुढे धरली. "तू चाख. मले नाही कळत."

कोकिळेने चिमूट जिभेवर ठेवली. खारट लागली आणि विरून गेली. हा पापडाचाच खार होता.

बाजार उठायच्या वेळी भगवानराव फरशीवर येऊन उभे राहिले. मुलांनी पुडी त्यांच्या हातात दिली, सुतळी दाखवली, जनकाबाईंनी ओरडून ओरडून साक्ष दिली. भगवानरावांनी वामनरावांना बोलावून घेतलं. वामनरावांनी आधी मिशी चाचपली, मग आवाज चढवला.

"असेल झाली अदलाबदल. पण पोतं सोडलं की चाखायचा दंडक हिचा स्वतःचा. मग त्या दिवशी काऊन नाही चाखलं?"

सगळे रुखमाआजीकडे बघायला लागले. आजीने पदर सावरला. "एकादशी होती. चूक माहीच. दुसऱ्या कोणाची नाही."

तिने कोकिळेकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणजे आजीला कळलं होतं! किती दिवसांपासून कळलं होतं कोणास ठाऊक, आणि ती जागा सोडायला निघाली होती, पण नाव घेत नव्हती.

"आबाजी," कोकिळा भगवानरावांपुढे येऊन म्हणाली. "आजीनं मले चाखाले सांगितलं होतं. मी न चाखताच चाखलं म्हणून सांगितलं. तराजू पंचफुलाले देला म्हणून मले राग आला होता. पंचफुलाची चूक नाही. आजीची नाही."

भगवानरावांनी पुडीतली चिमूट जिभेवर ठेवली आणि ती विरल्यावर मान डोलावली.

"जागा रुखमाबाईचीच राहील. वामनराव, तिन्ही घरी उडदाचं पीठ तुम्ही पोचवा, आन् ते कवेलू आधी नीट करा. पोरांनी आज आम्हा म्हाताऱ्यांचे डोळे उघडले." मग ते कोकिळेकडे वळले. "गर्दीत उभं राहून आपलं चुकलं म्हणणं मले या वयातही जमत नाही, पोरी."

लोक पांगले. कोकिळा आजीजवळ मान खाली घालून बसली. शेवटी तिला राहवलं नाही.

"आजी, तराजू मले काऊन नाही देला?"

"तराजू काय, कोणीबी धरते. काटा साऱ्यांले दिसते." आजीने नवं पोतं पुढे ओढलं. "जिभेवरचं कोणाले दिसत नाही. ते काम मी आजवर एकट्या तुह्याच भरवशावर सोडलं."

कोकिळेला रडूच आलं.

"मले तं त्या दिवसापासून तुहा राग येऊन राह्यला होता," पंचफुला पुटपुटली. "आजीनं मले लाकडाची दांडी धरायले देली आन् खरं काम तुले."

कोकिळा डोळे पुसत तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने अंबाडीची गाठ सोडली, पोत्यातली चिमूट घेतली आणि जिभेवर ठेवली. नीट विरेपर्यंत ठेवली. मग दुसरी चिमूट घेऊन तिने पंचफुलाच्या तळहातावर टेकवली.

"चाख. चावला तं लगेच थुंक."