रिकाम्या घराचं चित्र

बाप-लेकीचं काचेवरून रोज वाजायचं. लेकीचं फ्रेमांचं दुकान. काच न लावता चित्र बाहेर पाठवणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. बाबांना काच नको होती. कागद पिवळा पडेल, असं तिने बजावलं की म्हणायचे, पडू दे, मीही पडलोच की.

बाबांची युद्धातली चाळीस रेखाचित्रं संग्रहालयात लागणार होती. पलटणीत त्यांना 'पेन्सिल' म्हणत. टेकडीवर बसायचं, मांडीवर कागद घ्यायचा, समोरचा मुलूख जसाच्या तसा उतरवायचा आणि कोपऱ्यात वेळ टाकायची, हे त्यांचं काम. तो कागद खाली तोफखान्याकडे जाई आणि त्यावरून तोफा रोखल्या जात. डोळ्यांना दिसलं नाही ते कागदावर नाही, असं बाबा अभिमानाने सांगत. लेक त्याच वाक्यावर लहानाची मोठी झाली होती.

सतरावं चित्र अरुंद नदीपलीकडच्या दुमजली घराचं होतं. सहा खिडक्या, वेळ सकाळी सात वाजून दहा. संग्रहालयाच्या साहेबांनी त्याखाली लावायची पाटी आणून दिली होती: 'शत्रूचे रिकामे ठाणे'. पाटीवर प्रत्यक्षदर्शी म्हणून बाबांची सही हवी होती. बाबा आज-उद्या करत होते.

सोमवारी काच पुसताना लेकीला वरच्या डाव्या खिडकीत डाग दिसला. दमट हवा, तिने स्वतःशी म्हटलं. खोडलेल्या पेन्सिलीचे चर कागदात राहतात, त्यांत धूळ बसते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने फ्रेम उघडली, कागद वाळवला, मागून नवी पट्टी चिकटवली आणि कुणी उघडली तर कळावं म्हणून, नेहमीसारखी, पट्टीवर आडवी सही ठोकली.

मंगळवारी तो डाग बाईचा चेहरा झाला होता. शेजारच्या दोन खिडक्यांत एकेक लहान डोकं होतं. पट्टीवरची सही जागच्या जागी होती. बाबांचे हात तर असे थरथरत की कपातला अर्धा चहा बशीत जाई. इतकी बारीक रेघ त्यांना जमणं शक्यच नव्हतं. बुधवारी एक म्हातारा आला. गुरुवारी सहाही खिडक्या भरल्या, तेव्हा तिने फ्रेम उचलून बाबांसमोर ठेवली.

बाबांना नवल वाटलं नाही. त्यांनी बोटाने चेहरे मोजले.

"सहाच होते," ते म्हणाले.

मग जे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. चित्र चेहऱ्यांसकट पुरं झालं होतं. कॅप्टनने पाहिलं आणि म्हणाला, घर रिकामं आहे, पूस. बाबांनी तिथेच बसून एकेक चेहरा खोडला. कागद खाली गेला. सात-वीसला घर नव्हतं.

लेकीला भयंकर राग आला. त्या सहा जणांसाठी आला, आणि इतकी वर्षं आपण ज्या अभिमानावर पोसलो त्यासाठीही आला. दिवसभर ती बाबांकडे पाठ करून फ्रेमा ठोकत राहिली. संध्याकाळी मात्र फ्रेम भिंतीला टेकवून ठेवताना तिने चित्र बाहेरच्या बाजूला केलं. झाकून ठेवायला तिचं मन होईना.

शुक्रवारी दुपारी साहेब आले. चेहरे पाहून हसले. आजोबांनी या वयात हात फिरवलेला दिसतोय, म्हणाले. काच काढा, एवढं पुसलं की झालं. टेबलावरचं रबर त्यांनी उचललंसुद्धा.

बाबांनी काचेवर पंजा ठेवला. "एकदा पुसलं मी. आता हे असंच लागेल."

साहेबांचा आवाज गोडच राहिला. निमंत्रणं छापून झाली आहेत, असं केलंत तर चाळीसही चित्रं परत येतील, तुमचं नाव कुठेही राहणार नाही, असं त्यांनी समजावलं.

"नका ठेवू," बाबा म्हणाले. "नाव माझं आहे, मीच सांभाळतो. पण रिकामं होतं असं माझ्या सहीने कुणी लावणार नाही."

लेकीने पाटी पुढे सरकवली आणि त्यांच्या हातात पेन दिलं. बाबांनी 'रिकामे'वर काट मारली. खाली लिहिलं: घरात माणसं होती. मी पाहिली. मीच पुसली. सही केली. त्या तीन ओळींत हात एकदाही थरथरला नाही, आणि कालचा राग तसाच असूनही लेकीला त्यांचा अभिमान वाटला.

साहेबांनी पाटी उचलली. ही पुन्हा नवी करायला लागेल, असं काहीतरी म्हणता म्हणता त्यांची नजर फ्रेमवर गेली आणि ते थांबले.

चित्रात घर नव्हतं.

नदी होती, पण आता ती पलीकडच्या काठावरून, घरातून पाहिल्यासारखी दिसत होती. कागदाच्या चारी कडांना खिडकीची चौकट होती.

लेकीने फ्रेम उलटी केली. पट्टी शाबूत होती. सही शाबूत होती. तिने फ्रेम पुन्हा सुलटी केली.

समोरच्या टेकडीवर एक तरुण शिपाई बसला होता. मांडीवर कागद, मान खाली. तो काहीतरी खोडत होता.

खालच्या कडेला, चौकटीच्या आतून, एक चिमुकला पंजा वर झालेला होता. ओळखीच्या माणसाला हात करतात तसा.

"हे मला माहीत नव्हतं," बाबा हळू म्हणाले. "पुसताना मी वर पाहिलंच नाही."

साहेब दाराशी पोचले होते. लेक काचेवर वाकली.

शिपायाने मान वर केली होती.