आसरांची जागा

"आगीचा मेंढा?" गोकुळने पत्ता उलटसुलट करून पाहिला. "राव, मेंढराला धग लागली तर ते गाव सोडून पळंल."

"अग्नीचं वाहन मेंढाच आहे," समृद्धी म्हणाली. "वाऱ्याचं हरीण, वरुणाची मगर. मी वाचलंय."

समृद्धी आळे गावची. सातवीची परीक्षा देऊन ती मावशीकडे आली होती. मावशी डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला एका वाडीत आरोग्यसेविका. तिथे रेंज नाही, त्यामुळे मोबाइलवरचा जनावरं पकडायचा खेळ पहिल्याच दिवशी बंद पडला आणि समृद्धीचे पाय शिवशिवायला लागले. एका जागी बसवेना. शेवटी तिने जुन्या लग्नपत्रिका कापून पत्ते केले आणि कोऱ्या बाजूला स्वतःचीच जनावरं काढली. आग, पाणी, वारा, माती, रान. नियम एकच : जनावर आपल्या जागी बलवान, परक्या जागी त्याची ताकद शून्य.

शेजारचा गोकुळ लगेच खेळायला आला. रानाचा वाघोबा त्याला पटला. वारुळात राहतो म्हणून मातीचा नागही पटला.

इतक्यात त्याची मोठी बहीण मंगल हंडा घेऊन आली. धरणाच्या पाण्यापासून वाडीपर्यंतचा चढ ती सकाळपासून तिसऱ्यांदा चढली होती. आईचा पाय मुरगळलेला, नळ कोरडा, आणि पाच मिनिटांवरचा झरा यंदा दिसेनासा झालेला.

तिने वाकून पत्ता पाहिला. "मगर कशाला? हितं कुनी मगर बघितलीय? आमचं पानी साती आसरा राखतात. सात बहिणी."

"कुठेयत? मी बघून काढते." समृद्धी उभीसुद्धा राहिली होती.

सात दगड रस्त्याकडेला होते. सिमेंटचा नवा चौथरा, ताजा शेंदूर, वर पत्रा. भोवती कातळ असा तापलेला, की चपलेतूनही चटके बसावेत.

समृद्धीने चौथऱ्याला दोन फेऱ्या मारल्या. तिला काहीतरी डाचत होतं.

"इथे पाणी कुठंय?"

"कातळातून कसलं पानी?" गोकुळ म्हणाला.

"मग पाण्याच्या देवता इथे कशा? परक्या जागी ताकद शून्य."

"पहिल्या खाली व्हत्या," मंगल म्हणाली. "हौशीरामभाऊंनी दिवाळीनंतर वर आणून बसवल्या. खाली धरण बघायला येनाऱ्या पावण्यांच्या गाड्या लावायला जागा करत्यात."

तिघं धावतच खाली गेली. शेताएवढी जागा जेसीबीने सपाट करून टाकली होती. कडेला सिमेंटच्या गोण्यांची थप्पी आणि तिच्या सावलीत ठेकेदार हौशीराम.

"हुंदडायचं तर आजच हुंदडा," तो म्हणाला. "उद्या सकाळी काँक्रीट पडनार."

"काका, आसरा नेमक्या कुठे होत्या?"

"हितंच कुठंतरी. उंबर व्हता, तो काढला. आता सगळं सारखंच दिसतंय."

"आणि झरा?"

"आटला. जरा वल व्हती, गाड्या रुतल्या असत्या, म्हणून हातभर मुरूम टाकला वरनं. आता लोक म्हणत्यात, आसरा रुसल्या."

"ओल होती तर आटला कसा?"

"पावनी लई शानी हाय रं," हौशीराम गोकुळला म्हणाला आणि त्याने टोपी डोळ्यांवर ओढली.

समृद्धीने काठी उचलली आणि दिसेल तिथे खुपसायला सुरुवात केली. इथे दोनदा, तिथे चारदा. मंगलने तिचा हात धरला.

"अशी नाचून घावंल व्हय? उद्या काँक्रीट पडलं की झरा कायमचा गेला. चल, आजीला इचारू."

वाडीतल्या सगळ्यांत जुन्या लंकाबाई आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. त्यात खुणेचं झाडही गेलेलं. ती जागा कशी दाखवणार? पण बोलता बोलता ती म्हणाली, "माझी सासू, तिची सासू, समद्या तिथंच ओटी भरायच्या. दगडाम्होरं हिरव्या बांगड्या ठिवायच्या. त्या उचलायच्या न्हाईत. तिथंच फुटायच्या, तिथंच मातीत—"

"काच कुजत नाही!" आजीचं वाक्य पुरं व्हायच्या आत समृद्धी उंबऱ्याबाहेर होती.

या वेळी मंगलने शिस्त लावली. वरच्या टोकापासून सरळ ओळ, दहा पावलांवर एक खड्डा, मुरूम संपून जुनी माती लागेपर्यंत. खुरपी दोन आणि हात सहा. समृद्धीला मधले खड्डे सोडून पुढे पळायचं होतं; मंगल तिला दर वेळी मागे ओढत होती. पहिली ओळ कोरडी. दुसरीही कोरडी.

"ए, हे खड्डे बुजवनार कोन?" हौशीराम ओरडला.

"आमीच," गोकुळ म्हणाला. "न्हाई घावलं तर."

उन्हं कलली. तिसऱ्या ओळीच्या चौथ्या खड्ड्यात समृद्धीच्या खुरप्याखाली काहीतरी चमकलं. नखाएवढी हिरवी काच. मग दुसरी. मग मूठभर. तिघांनी मिळून तो खड्डा रुंद केला. काचांखाली आणखी वीतभर गेल्यावर माती गार लागली, मग काळी, मग चिकट. आणि खड्ड्याच्या तळाशी हळूहळू गढूळ पाणी जमू लागलं.

गोकुळ पळत जाऊन सोमाजी आजोबांना घेऊन आला. वाडीतल्या पाण्याचं तेच पाहायचे. त्यांनी बसून पाण्यात हात घातला आणि बराच वेळ काढला नाही.

"हौशीराम, काँक्रीट ऱ्हाऊ दे."

"आजोबा, उद्या मिक्सर येनार हाय."

"येऊ दे. आधी तुझ्या जेसीबीनं हा मुरूम काढ, मग त्या सात जणी व्हत्या तिथं आणून ठिव."

हौशीरामने खड्ड्यात डोकावून पाहिलं, टोपी काढली आणि मान खाली घातली.

मंगल आजीला हाताला धरून घेऊन आली. आजीने ओली बोटं कपाळाला लावली. समृद्धीला राहवेना.

"आजी, ते दगड देव होते की पाण्याची खूण?"

"येगळं असतंय व्हय?" आजी म्हणाली.

सोमाजी हसले. "आमी म्हातारे नुसते आसरा रुसल्या म्हणत बसलो. का रुसल्या, ते या पोरांनी इचारलं. शाबास."

तिसऱ्या दिवशी पाणी निवळलं. मंगल हंडा घेऊन निघाली आणि समृद्धीने दोन पत्ते टाकेपर्यंत परतसुद्धा आली.

"का गं, अर्ध्या वाटंतनं माघारी फिरलीस?" आईने आतून विचारलं.

मंगलने काठोकाठ भरलेला हंडा आईसमोर ठेवला आणि पत्ते खेळायला बसली.