गाडीचं पाणी

ही गोष्ट खरी आहे. रचलेली असती तर मी ती रात्री घडवली असती.

पण ही घडली भर दुपारी. तेवीस मे २०२४, गुरुवार, बुद्ध पौर्णिमा. वेळ बारा वाजून दहा मिनिटं. जागा, पांढरकवड्याहून मुकुटबनकडे जाणारा रस्ता.

भुतं रात्री निघतात ही समजूत थंड हवेच्या गावांतली असावी. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यातल्या रात्री अर्धं गाव गच्चीवर जागं असतं. रस्ते ओस पडतात ते दुपारी. त्या वेळी रस्त्याच्या कडेला कोणी उभं दिसलं, तर त्याच्याकडे फार निरखून पाहू नये.

अमर माझा साळा. दारव्ह्याला सोयाबीनची आडत. त्याच्याकडे १९६७ सालची एक विलायती स्पोर्ट्स कार होती. लाल, दोन सीटची, वर कापडाचं छप्पर. तिच्या जन्मगावी उन्हाळा म्हणजे लोक स्वेटर काढतात तो दिवस. अशी गाडी याने दारव्ह्यात आणली.

गाडी तापायची. बसस्टँडपर्यंत गेली की काटा लाल रेघेवर.

अमर आणि त्याचा मेकॅनिक देवसिंग यांनी सगळं करून पाहिलं. मोठा रेडिएटर बसवला. जादा पंखा लावला. शेवटी आमच्याकडे काहीही थंड करायचं असलं की जे करतात, तेच केलं. रेडिएटरपुढे घरच्या कूलरची वुडवूलची, म्हणजे लाकडाच्या किसाची, जाळी बांधली आणि वरून पंपाने पाणी सोडलं. गाडी निघाली की पुढून टपटप गळायची. नुकतीच आंघोळ करून आल्यासारखी.

माझे सासरे मारोतराव यांनी एकदा जेवताना निकाल दिला.

"मे महिन्यात, भर उन्हात, मुकुटबनले आत्याच्या दारात जाऊन ये. ट्रकवर घालून आनली, तं दुसऱ्या दिवशी भंगारात. कबूल?"

"कबूल."

"जवाईबापू, तुमी संगं जा. हा खोटं बोलते."

निघताना देवसिंगने बॉनेट लावलं आणि मला म्हणाला, "साहेब, रेडिएटर गरमी मारत नाई. इथली उचलते अन् तिथं फेकते. आता बाहेरच एवढी आग हाये, तं त्यानं फेकावं कुठं?"

मी बी.एस्सी. आहे. पण इतकं सोपं मला कोणी सांगितलं नव्हतं.

पांढरकवड्याच्या पुढे काटा चढला. मग वास आला. मग बॉनेटच्या फटींतून वाफ.

एका निंबाखाली थांबलो. समोरच पाणपोई होती. बांबूच्या तट्ट्याची लहानशी झोपडी. आत ओल्या फडक्यांत गुंडाळलेले दोन मोठे रांजण. वर पालथा ठेवलेला स्टीलचा ग्लास, खाली बादली.

माणूस कोणी नव्हतं.

पाखरूही नव्हतं. निंबाचं एक पान हलत नव्हतं.

फडकी मात्र ओलीगच्च होती… आत्ताच कोणी भिजवल्यासारखी.

अमरने ग्लास उचलला, रांजणात बुडवला, आणि ओठाशी नेताना त्याची नजर पाटीवर गेली. निळी अक्षरं. 'कालकथित श्रावण यांच्या स्मरणार्थ. पाणी सर्वांसाठी.'

आमच्याकडे कोणाच्या घरचा मेलेला कैलासवासी होतो आणि कोणाच्या घरचा कालकथित, हे शाळेत न शिकवताही सगळ्यांना येतं.

अमरने ग्लास रांजणात रिकामा केला. पुन्हा पालथा ठेवला.

"आपल्यापाशी बाटली हाये ना, भाऊजी," तो म्हणाला.

आम्ही बाटलीतलं प्यायलो. ते चहाइतकं गरम होतं. मीही तेच प्यायलो, हे इथे लिहायलाच हवं.

मग अमरने रांजणाचं पाणी बादलीने उपसलं. गाडीसाठी ते त्याला चाललं. अर्ध्या तासाने रेडिएटरचं झाकण उघडलं आणि तो ओतायला लागला.

त्या रेडिएटरमध्ये सात लिटर मावतं.

त्याने एक रांजण ओतला.

"गळून राह्यलं का पहा बरं खालून," तो म्हणाला.

मी वाकून पाहिलं. डांबर कोरडं होतं. जाळीतून गळायचं तेही थांबलं होतं.

त्याने दुसरा रांजण सुरू केला. तेव्हा मला आवाज आला. पाणी भांड्यात पडताना असा आवाज येत नाही.

गटक… गटक…

मग थोडं थांबणं. श्वास घेतल्यासारखं.

पुन्हा गटक…

"अमर, बस कर."

"भरलं नाई अजून."

दुसरा रांजण तळाला गेला, आणि रस्त्यावरून पांढरी साडी आमच्याकडे येताना दिसली. मला जे वाटायचं ते वाटलं. पण ती बाई धापा टाकत होती आणि हातात खिरीचा डबा होता. बुद्धविहारातून येत होती. ही इंदूबाई. पाणपोई तिची.

तिने दोन्ही रांजणांत डोकावून पाहिलं.

"कोनं पेलं एवढं पानी?"

"गाडी तापली होती, मावशी," अमर म्हणाला. "संध्याकाळी टँकर पाठवतो ना."

"गाडीनं पेलं. अन् तुमी?"

"आमच्यापाशी बाटली हाये."

तिने पाटीकडे पाहिलं. मग आमच्याकडे.

"हो. असन."

डबा खाली ठेवून ती सावलीत बसली. पाटीवरचा श्रावण तिचा नवरा. याच रस्त्याच्या डांबराच्या कामावर होता. तीन वर्षांपूर्वी, असाच मे.

"याच निंबाखाली पडला. एका जीपवाल्याले हात केला. त्याच्यापाशी पान्याची क्यान होती, भरेल. नाई देल्ली."

"काहून?" अमरने विचारलं.

"गाडीचं पानी होय ते, म्हने."

तिने एक रांजण तिरपा केला. बऱ्याच वेळाने अर्धा ग्लास निघाला. तो तिने अमरपुढे धरला.

"एवढं पेऊन घ्या. दोघंबी एकेक घोट घ्या."

"नको, मावशी."

"घ्या म्हन्तो ना."

"तहान नाही."

तिने ग्लास माझ्याकडे वळवला. अमर माझ्याकडे पाहत होता. सासरच्या माणसासमोर वेगळं वागायला जी हिंमत लागते, ती माझ्यात नाही.

तिने पाणी मातीवर ओतलं.

"आमी भूतबीत मानत नाई, साहेब," ती म्हणाली. "पन तो तहानेला गेला, एवढं खरं."

गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. काटा उतरला. उतरतच गेला, अगदी शेवटच्या खुणेवर टेकला आणि तिथेच राहिला.

आम्ही मुकुटबनला पोचलो. आत्याकडे जेवलो. त्याच उन्हात परत आलो. दारव्ह्यात मारोतरावांनी बॉनेटवर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला.

"थंडी हाये हे," ते म्हणाले. आनंद झालेला दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी अमरने गावाला दाखवायला बारा वाजता गाडी काढली. चारला घरी आला तो तापाने फणफणून. तिसऱ्या दिवशी पुन्हा तसंच.

तहान तर विचारू नका. बाटल्यांमागून बाटल्या.

"आत जातच नाई, भाऊजी," तो म्हणायचा. "गळ्यातच वाफ होते."

पाचव्या दिवशी त्याला यवतमाळला दवाखान्यात ठेवलं. सगळे रिपोर्ट चांगले आले. रात्रभर ताप नव्हता. सहाव्या दिवशी दुपारी मी त्याच्याजवळ बसलो होतो. बाराला नर्सने थर्मामीटर लावला. एकशे तीन. दहा मिनिटांनी एकशे पाच.

मला देवसिंगचं वाक्य आठवलं, इथली उचलते अन् तिथं फेकते. मी बाहेर येऊन त्याला फोन लावला.

"काय करून राह्यला?"

"गाडी चालू करून पाह्यतो, साहेब. थंडी कशी राह्यते, काई समजत नाई."

"बंद कर."

त्याने बंद केली. पाच मिनिटांत ताप उतरायला लागला.

"देवसिंग, इंजिनाला हात लाव."

फोनवर बॉनेट उघडल्याचा आवाज आला.

"थंडं हाये, साहेब. रांजनावानी."

सातव्या दिवशी मारोतराव आणि मी अमरला घेऊन त्या पाणपोईवर गेलो. दुपारच होती. इंदूबाई होती, रांजण भरलेले होते. मारोतरावांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणापुढे हात जोडले असतील, ते तिथे.

"बाई, माह्या पोराले पानी दे."

तिने ग्लास भरून दिला. अमरने दोन्ही हातांनी घेतला. ओठांना लावला…

झोपडीच्या मागून पुरुषाचा आवाज आला. शांत. अजिबात राग नसलेला.

"गाडीचं पानी होय ते."

ग्लास अमरच्या हातून सुटला. त्याच्या ओठांवर फोड आले होते.

मारोतराव झोपडीमागे धावले. मागे नांगरलेलं रान होतं, पार नजर पोचेल तिथवर. ढेकळाखेरीज काही नव्हतं. परत आले तेव्हा इंदूबाई रडत होती. तिने तो आवाज ओळखला होता.

अमर चार दिवसांनी गेला. बारा वाजता. दाखल्यावर उष्माघात लिहिलं आहे. एसीच्या खोलीत, पांघरुणाखाली.

देवसिंग शपथ घेऊन सांगतो की त्या दिवशी त्याने गाडीला हात लावला नव्हता.

मग आम्ही रेडिएटर रिकामा करायला नळी काढली. आत थेंब नव्हता. बॅटरी काढली, गाडी मारोतरावांच्या गोदामात ढकलली, कुलूप लावलं. भंगारवाल्याने ती पाहिली, हात लावला आणि नको म्हणाला.

या गोष्टीला आता वर्ष झालं. पाणपोईजवळ मी पुन्हा गेलेलो नाही. पाटी मीही वाचली होती, आणि त्या अर्ध्या ग्लासात एक घोट माझा होता, हे बायकोला सांगितलेलं नाही.

परवा, मे महिन्यातच, दुपारी देवसिंगचा फोन आला.

"साहेब, गोदामातून इंजिनाचा आवाज येऊन राह्यला. कुलूप उघडून पाह्यलं. बॅटरी तं खाली ठेवेल हाये."

"गरम आहे?"

"नाई ना. थंडं हाये."

मी घड्याळ पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं.

गरमी मग जाते कुठे, हे देवसिंगने विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

समोर टेबलावर पाण्याची बाटली होती. सकाळपासूनची चौथी.

मी हाताची पालथी बाजू कपाळाला लावली…