आनंदात थांबलेली पाती

ही हकीकत ऐकीव नाही. जिच्या बाबतीत घडली, त्या डीनानं स्वतः सांगितली. सांगताना तिच्या हातातली कॉफी निवून गेली, तरी तिनं कप सोडला नाही.

हॉलंडचा पूर्वेकडचा आख्टरहूक भाग. ऑक्टोबरातल्या एका रविवारची दुपार.

सकाळीच वीलेमीनताईचा फोन आला होता.

"डीना, लगेच ये. बाबांचं काही खरं नाही."

"ताई, उन्हाळ्यातही तू हेच म्हणालीस. धावत आले, तर बाबा वाटाण्याचं सूप ओरपत बसलेले! वर मलाच विचारतात, तू कशाला कडमडलीस?"

"या वेळी खरंच गं..."

डीना निघाली. पिढीजात पवनचक्की सोडून ती शहरात गेली, तेव्हापासून बापलेकीचं वाकडं होतं. एकदा समोर बसून बोलावं, बाबांनी एकदा 'ये' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

रविवारी बस नाही. तिनं स्टेशनवर सायकल घेतली आणि जुन्या चक्क्यांवरून जाणारी सायकलवाट धरली.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे पवनचक्की बोलते. एखादं पातं माथ्यावर पोचायच्या जरा आधी थांबवलं, तर घरात आनंद. बारसं, लग्न. माथा ओलांडून जरा पुढे थांबवलं, तर घरात शोक. मात्र हे समोरून बघायचं. मागून बघाल तर नेमकं उलट दिसतं. लहान मुलं इथेच फसतात.

डीना फसणारी नव्हती. 'माणसं खोटं बोलतात, चक्की खोटं बोलत नाही,' हे बाबांनीच तिला शिकवलेलं.

ओढ्याच्या वळणावर घरची चक्की दिसली. अगदी समोरून.

पाती...

आनंदात होती.

डीनाच्या छातीवरचा दगड उतरला. आणि मागोमाग संताप आला. म्हणजे ताईनं पुन्हा फसवलं!

तिनं सायकल ओढ्यावरच्या लुबर्टकाकांच्या पाणचक्कीकडे वळवली. सायकलवाल्यांना ते तिथे धिरडी करून घालत.

"काय गं, तोंड का फुगलंय?"

"ताईनं पुन्हा मामा बनवला माझा."

"मग भांडायला भरल्या पोटी जा. उपाशी माणसाचा आवाज चिरकतो."

ती हसली. बसली. एक धिरडं झालं, दुसरं ताटात पडलं.

फोन वाजला. ताई.

डीनानं फोन पालथा घातला.

तेवढ्यात... पाण्याचं चाक थांबलं.

लुबर्टकाका उठले, वाकून बघू लागले. "पाणी सोडायची फळी उघडीच आहे. पाणीही पडतंय..."

पाणी चाकावर पडत होतं. चाक हलत नव्हतं.

ओढ्याकाठची बदकं गप्प झाली.

आणि त्या शांततेत लांबून आवाज आला...

हूऽप्... हूऽप्... हूऽप्...

पाती फिरण्याचा आवाज. डीना तो ऐकत झोपायची, लहानपणी.

पण वारा कुठे होता? पॉप्लरच्या झाडाचं एक पानसुद्धा हलत नव्हतं.

तिनं मान वळवली. चक्की दिसत होती. पाती स्तब्ध. आनंदात.

आवाज मात्र येतच होता...

मग तो थांबला. चाक कुरकुरलं आणि आपलं आपण फिरू लागलं.

डीनानं ताट तसंच टाकलं नि सायकलवर टांग मारली.

ताई दारातच उभी होती. डोळे सुजलेले.

"फोन का उचलला नाहीस? आत्ताच गेले गं ते. सारखे दाराकडे बघत होते."

"पण पाती आनंदात होती, ताई! मी डोळ्यांनी पाहिली!"

"कोणती पाती?"

डीनानं वर पाहिलं.

चक्कीचं डोकं बोडकं होतं.

चारही पाती खाली गवतात आडवी पडलेली. लाकूड कुजलं म्हणून सुताराने गुरुवारीच उतरवलेली. त्यांच्यावर ओली पानं चिकटली होती.

ताई हळूच म्हणाली, "मघाशी शुद्धीवर आले होते. म्हणाले, 'पाती आनंदात लाव.' मी म्हटलं, 'बाबा, पाती खाली काढलीत.' तर हसले. 'मग मीच लावतो,' म्हणाले. 'ती वाटेत असेल. बघू दे तिला.'"

"मी निघालेय, हे त्यांना माहीत होतं?"

"मीच सांगितलं होतं."

लेक घरी येते, म्हणून आनंद. गावातली सगळी माणसं डीनाला हेच समजावतात. तीही मान डोलावते.

पण परवा कप टेबलावर ठेवून ती म्हणाली, "पाती वाचायला त्यांनीच शिकवलं मला. ती पाहून मी घाई सोडेन, एवढं त्यांना कळत नव्हतं?"

मग ती खिडकीकडे पाठ करून बसली.

"मरतामरता माणूस 'ये' म्हणतो, की 'येऊ नकोस' म्हणतो... ते कुठल्या बाजूनं बघायचं?"